इंजिन बंद कर

(बारितो नदी, भर दुपार, पण धुरानं दोन्ही काठ दिसेनासे झालेत. लाकडी मोटरबोटीत तिघं : सुकाणूवर जुम्बेरी, छपराखाली नाकात ऑक्सिजनची नळी लावलेली त्याची म्हातारी आई मस्निया आणि बायको रुसीना.)

रुसीना : बहात्तर! अहो, ऑक्सिजन बहात्तर दाखवतंय!

जुम्बेरी : बोट पुसून परत लाव. चिमटा नीट बसला नसेल.

रुसीना : पुसून पुसून हात दुखला माझा. बोट गार पडलंय त्यांचं. आणि नखं बघा, जांभळासारखी झालीत.

जुम्बेरी : नखं बघू की पाणी बघू? डोळ्यांत बोट घातलं तरी दिसत नाहीये पुढचं.

मस्निया : भांडू... नका. बरी आहे मी.

रुसीना : बऱ्या म्हणे! चार शब्दांना दोन श्वास लागतायत. आई, पुढं वाका, हात गुडघ्यांवर. नाकानं आत घ्या, ओठ आवळून सोडा. गरम चहावर फुंकर घालता ना, तशी. हळू... हां.

जुम्बेरी : पण काल ब्याण्णव होतं. परवाही. रोज सकाळी आईच आतून आकडा सांगायची. एका रात्रीत एवढं कसं उतरलं?

मस्निया : उतरलं... नाही. ते नफिसाचं बोट होतं.

जुम्बेरी : काय?

मस्निया : तुझ्या लेकीला... चिमटा लावायचे. तिला गंमत वाटायची.

रुसीना : नफिसाचं अठ्ठ्याण्णव असतं, आई. तुम्ही ब्याण्णव सांगत होतात.

मस्निया : कमी करून सांगायचे. अठ्ठ्याण्णव म्हटलं असतं... तर पकडलं असतंस तू.

रुसीना : या अल्ला!

जुम्बेरी : का पण? रानात आग लागली तेव्हापासून विचारतोय, दवाखान्यात जाऊ का, जाऊ का...

मस्निया : तुझा बाप गेला होता तिथं. आपल्या पायांनी... चढला होता बोटीत. आणला तो चटईत गुंडाळून.

जुम्बेरी : म्हणून आम्हाला फसवायचं? आज सकाळी चुलीपाशी कोसळलीस, ते कुणी बघितलंच नसतं तर?

रुसीना : ओरडू नका त्यांच्यावर. उत्तर द्यायला दम लागतो. तुम्ही बोट हाका. सिलिंडरचा काटा लाल पट्ट्यात आलाय.

जुम्बेरी : धूर नसता तर एव्हाना बंजारमासिनला दवाखान्यात पोचलो असतो. दलदलीची जमीन आतून जळतेय, वरून पाणी मारून काय होतंय? पाऊस पडेपर्यंत हे असंच.

मस्निया : जुम्बेरी... इंजिन बंद कर.

जुम्बेरी : आता? वेडी आहेस का? सिलिंडर संपतोय!

मस्निया : कर. भोंगा... ऐकला.

जुम्बेरी : केलं बंद. कुठाय भोंगा?

रुसीना : गप्प बसा जरा. ...डावीकडं. धडधड येतेय, ऐका!

जुम्बेरी : टग आहे, ओढबोट. म्हणजे मागं दोर, आणि दोराला कोळशानं भरलेली अजस्र बार्ज. रुसीना, प्रवाह आपल्याला तिकडंच ओढतोय.

रुसीना : मग लावा की इंजिन!

जुम्बेरी : लावलं तर ऐकू येणार नाही कुठून येतेय ती. दोरावर गेलो तर उलटेल बोट. वल्हं दे. आणि ते भाताचं पातेलं घे, बडव!

रुसीना : ओ! ओ टगवाले! बोट आहे इथं! ऐकताय का? माणसं आहेत!

जुम्बेरी : बडवत राहा! मागं घेतोय मी... मागं... येतेय बघ. केवढी भिंत! या खुदा. आईला धर, लाट येतेय!

रुसीना : धरलंय! ...गेली? गेली का हो?

जुम्बेरी : गेली. अंगावरून गेली असती.

रुसीना : नळी! नळी निघाली त्यांची! सिलिंडर तिकडं गडगडला!

मस्निया : गनी... मासळी उतरवलीस का?

जुम्बेरी : काय म्हणाली?

रुसीना : तुम्हाला बाबांच्या नावानं हाक मारतायत.

जुम्बेरी : नळी लाव! आधी नळी लाव!

रुसीना : लावली. आई, इकडं बघा. डोळे मिटू नका. मी कोण? ...आई, मी कोण?

जुम्बेरी : बोलत का नाहीये ती?

रुसीना : बोलतील. इंजिन लावा तुम्ही. आई, सांगा ना, कोण मी?

मस्निया : तोंडाळ... सून.

रुसीना : हो! हो, तीच. घ्या श्वास. शिव्या घाला मला, पण जाग्या राहा.

जुम्बेरी : दिवा दिसतोय! रुसीना, घाटाचा दिवा! ओ भाऊ, स्ट्रेचर आणा! म्हातारी आहे, श्वास पुरत नाहीये तिला!

*

(बंजारमासिनचा दवाखाना. मस्निया खाटेवर.)

रुसीना : झोपल्यात का?

जुम्बेरी : नाही, पडून आहे. मास्क लावल्यापासून ओठांना रंग आलाय जरा. डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या?

रुसीना : म्हणाल्या, जिवावरचं टळलं. पण धूर बसेपर्यंत गावाकडं न्यायचं नाही. आणि नेलं की घरी ऑक्सिजनचं मशीन हवं, रोज, कायमचं. बरं होणारं दुखणं नाही हे. सांभाळून जगायचं.

जुम्बेरी : ऐकलंस, आई?

मस्निया : ऐकलं. कान... धड आहेत.

रुसीना : मी नफिसाला फोन करून येते. शेजारणीकडं रडत बसली असेल.

जुम्बेरी : मीही घाटावर जाऊन येतो. बोट बांधली की नाही, आठवतच नाही.

मस्निया : थांब. हात दाखव.

जुम्बेरी : काही नाही, वल्हं मारून आखडलाय.

मस्निया : मूठ सोड मग. वल्हं... नाही आता त्यात.

जुम्बेरी : ...घाबरलो होतो, आई. अजून घाबरलोय.

मस्निया : मी पण.

जुम्बेरी : तू? तू तर कधी बोलली नाहीस.

मस्निया : आता बोलले. बस इथं.

जुम्बेरी : बोट वाहून जाईल गं.

मस्निया : जाऊ दे. बस.