आरशाला अडकवलेले हेल्मेट

सौ. मंजुळा त्रिंबक फरकाडे, त्या सकाळी तुझ्या डोक्यात हेल्मेट होते, हे आज मी लेखी देत आहे.

वरील वाक्य जबाबाच्या नमुन्यात बसत नाही, असे पोलीस हेड कॉन्स्टेबल श्री. फकिरा दांडगे यांनी मला सांगितले. जबाब माझा असल्याने वाक्य राहील, असे मी त्यांना सांगितले. ते राहिले आहे.

पुरवणी जबाब, दिनांक १२ जून २०२५, वार गुरुवार, सकाळी ११ वाजून २० मिनिटे. माझे नाव त्रिंबक आप्पासाहेब फरकाडे, वय ५४ वर्षे, व्यवसाय कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्राचे अध्यापन, राहणार छावणी, छत्रपती संभाजीनगर. मी आज पोलीस ठाण्यात समक्ष हजर असून, कोणाच्याही सांगण्यावरून नव्हे तर स्वतःहून पुढीलप्रमाणे सांगतो.

मंजुळा ही माझी पत्नी. वय ४९ वर्षे. सिल्लोड रस्त्यावरील एका गावी जिल्हा परिषदेच्या शाळेत ती तिसरीचा वर्ग शिकवीत असे. दिनांक १५ एप्रिल रोजी सकाळी सहा वाजून पाच मिनिटांनी ती मोटारसायकलवरून घरून निघाली. सहा चाळीसच्या सुमारास रस्त्यावर सांडलेल्या खडीवरून पुढचे चाक घसरून ती पडली. दुसरे कोणतेही वाहन जवळ नव्हते. डोक्याला मैलाचा दगड लागला. नऊ वाजून दहा मिनिटांनी रुग्णालयात तिचे निधन झाले. याबाबत माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही, असे मी तेव्हाच लिहून दिले आहे.

आजचा जबाब घटनास्थळाच्या पंचनाम्यातील दोन वाक्यांबाबत आहे. ती अशी: "एक पांढरे हेल्मेट दुचाकीच्या उजव्या आरशास अडकवलेले मिळून आले. मयत महिलेने हेल्मेट परिधान केलेले नव्हते." यातील पहिले वाक्य निरीक्षण आहे. दुसरे अनुमान आहे. हा भेद मी अठ्ठावीस वर्षे अकरावीच्या विद्यार्थ्यांना शिकवीत आलो आहे आणि त्यांतील बहुतेकांना तो पहिल्या आठवड्यात समजतो.

या दुसऱ्या वाक्याच्या आधारे गावातील एका मंडळाने मे महिन्यात शाळेच्या फाटकावर फलक लावला. फलकावर मंजुळाचा फोटो आहे. वर 'भावपूर्ण श्रद्धांजली' आणि खाली मोठ्या अक्षरांत 'बाईंनी हेल्मेट घातले असते तर…' असे छापले आहे. शाळा सोमवारी, १६ तारखेला उघडणार आहे. तिच्या वर्गातील सव्वीस मुले त्या फलकाखालून आत जातील. या मुलांना रस्ता कसा ओलांडावा हे तिने स्वतः रस्त्यावर नेऊन शिकवले होते. फलक काढावा म्हणून मी मंडळाचे अध्यक्ष काकासाहेब यांना भेटलो. ते तिचेच माजी विद्यार्थी आहेत. ते म्हणाले, "सर, बाईंची बदनामी करायला नाय लावला. लोकांनी शिकावं म्हणून लावलाय. आन् आम्ही मनानं नाय लिहिलं, पोलिसाच्या कागदातच तसं आहे. तुम्ही कागद बदलून आणा, मी स्वतः शिडी लावून काढतो."

कागद बदलून घेण्यासाठी मी या ठाण्यात आज चौथ्यांदा आलो आहे. पहिल्या वेळी संबंधित अंमलदार बंदोबस्तावर होते. दुसऱ्या वेळी संगणक बंद होता. तिसऱ्या वेळी 'प्रकरण निकाली निघाले, आता जबाब कशाला' असे विचारण्यात आले. पंचनाम्यातच पुढे मेश, म्हणजे जाळीचे, जॅकेट, हातमोजे आणि गुडघ्याचे पॅड अंगावर असल्याची नोंद आहे, हे मी तेव्हा निदर्शनास आणले. जी स्त्री सकाळी सहा वाजता गुडघ्याला पॅड बांधते ती हेल्मेट आरशाला लावून निघते, हे तर्काला धरून नाही, असे मी म्हणालो. श्री. दांडगे म्हणाले, "सर, लोक काहीबी करतात." हे विधान सर्वसाधारणपणे खरे आहे. मंजुळाबाबत ते खरे नाही.

ही सर्व साधने मी निवडली होती, म्हणून त्यांची माहिती देतो. मला स्वतःला मोटारसायकल चालवता येत नाही. मंजुळा माहेरी भावाच्या गाडीवर शिकली होती. बदली झाल्यावर एसटीच्या वेळा जमेनात, म्हणून तिने गाडी घेतली. गतवर्षी एप्रिल महिन्यात भर दुपारी परतताना तिला ऊन लागले आणि दोन दिवस सलाईन लावावे लागले. त्यानंतर उन्हाळ्यातही अंगावर ठेवता येईल आणि पडल्यास उपयोगी येईल असा पोशाख निवडण्याचे काम मी हाती घेतले. चामड्याचे, जाड कापडाचे आणि जाळीचे अशी तीन जॅकेटे मी दुकानातून पसंतीसाठी आणली आणि गच्चीवर दोरीला लावून आत तापमापी ठेवली. दुपारी अडीच वाजता बाहेर बेचाळीस अंश असताना चामड्याच्या जॅकेटात एकोणपन्नास अंश भरले. जाळीचे जॅकेट वाऱ्यात बाहेरच्या हवेइतकेच राहिले. म्हणून फिक्या करड्या रंगाचे, खांद्याला व कोपराला कडक पॅड असलेले जाळीचे जॅकेट घेतले. हातमोजे तळहाताशी जाड आणि बोटांवर छिद्रांचे घेतले. बूट घोट्याच्या वर जाणारे घेतले. मंजुळा म्हणाली, "अहो, मला शाळेत जायचंय, चंद्रावर नाही." पहिल्या दिवशी गावच्या सरपंचांनी तिला 'मॅडम, बर्फ कुठं पडलाय?' असे विचारले. हे तिने मला सायंकाळी दोनदा सांगितले. परंतु तिने ते सर्व वर्षभर रोज घातले.

हेल्मेटबाबत अडचण आली. उन्हात निघताना डोक्याला ओले फडके बांधायचे, ही तिची लहानपणापासूनची सवय. तिच्या आई तिला शेतात पाठवताना ओला पंचा बांधून पाठवीत. सलाईनच्या प्रकारानंतर ती फडक्याशिवाय दुपारी बाहेर पडण्यास तयार नव्हती. मी गुलमंडीतून सुती कापड आणले, त्याची तीन पदरी घडी केली, ओली करून तिच्या डोक्याला बांधली आणि वरून फीत लावून माप घेतले. ते एकोणसाठ सेंटिमीटर भरले. फडक्याविना छप्पन्न होते. हे माप घेऊन आम्ही हेल्मेटच्या दुकानात गेलो. दुकानदार श्री. सांडू यांनी मंजुळाच्या डोक्याकडे पाहून मधल्या मापाचे हेल्मेट काढले. मी मोठे मागितले. ते म्हणाले, "सर, हेल्मेट डोक्याचं घ्यायचं असतं, फडक्याचं नाही. ते गालाला चिमटा काढंल इतकं घट्ट पाहिजे. बाई, तुम्ही तरी सांगा यांना." मंजुळा म्हणाली, "त्यांनी गच्चीवर प्रयोग केलाय. आता कोण सांगणार?" ओल्या कापडातील पाण्याच्या बाष्पीभवनाने डोके किती थंड राहते, हे मी श्री. सांडू यांना सुमारे दहा मिनिटे समजावले. त्यांनी ऐकून घेतले व मोठ्या मापाचे हेल्मेट दिले.

एप्रिलमध्ये शाळा सकाळची असते. सहाच्या सुमारास हवा गार असते, डोक्याला फडके लागत नाही. ते परतीसाठी असे. १५ एप्रिल रोजी ते तिच्या पिशवीत कोरडे, घडी घातलेले मिळाले व नंतर मला परत देण्यात आले. मी दुपारच्या बेचाळीस अंशांचा हिशेब केला होता. सकाळच्या चोवीस अंशांचा केला नव्हता.

हेल्मेट आरशाला कसे गेले, याबाबत माझ्याकडे साक्षीदार आहे. श्री. मल्हारी हे मेंढपाळ अपघाताच्या वेळी रस्त्यालगतच्या रानात मेंढ्या चारीत होते. त्यांना शोधण्यास मला तीन रविवार लागले, कारण पंचनाम्यात त्यांचे नाव नाही आणि त्यांचा वाडा, म्हणजे मेंढ्यांसह मुक्काम, दर आठवड्याला हलतो. १ जून रोजी सिल्लोडच्या अलीकडे एका शेतात ते मला भेटले. आमचे बोलणे झाले ते आठवते तसे सांगतो.

ते म्हणाले, "बाई पडल्या तवा टोप डोक्यातच व्हता. पडल्या आन् टोप निघाला, गडगडत माझ्या मेंढरांपस्तोर आला. मग त्यांचं डोकं दगडावर आपटलं. मी पळत गेलो, पर काय उपेग."

मी विचारले, "मग हेल्मेट आरशाला कोणी लावले?"

"म्याच लावला. गाडी उभी केली, त्यांची पिशवी झटकून हँडलला लावली, टोप आरशाला लावला. बाईमानसाची वस्तू मातीत लोळू देऊ का?"

"हे पोलिसांना का सांगितले नाही?"

त्यांच्या पत्नी म्हाळसाबाई चुलीपाशी होत्या. त्यांनी उत्तर दिले. "इचारलं कुनी, मास्तर? त्यांनी मेंढरं बाजूला घ्या म्हनलं. घेतली बाजूला."

श्री. मल्हारी यापूर्वी दोन वेळा माझ्याबरोबर ठाण्यात आले आणि दोन्ही वेळा त्यांना परत जावे लागले. आज ते बाहेर बाकावर बसले आहेत. मेंढ्या म्हाळसाबाई पाहत आहेत. साक्षीदाराचा कायमचा पत्ता काय लिहायचा, असा प्रश्न श्री. दांडगे यांनी उपस्थित केला आहे. पत्ता नसलेल्या माणसालाही डोळे असतात, असे माझे त्यावर म्हणणे आहे. त्यांचा जबाब आजच स्वतंत्रपणे घ्यावा, ही विनंती.

माझ्या मागणीवरून मुद्देमाल खोलीतून हेल्मेट आणण्यात आले. हनुवटीखालच्या पट्ट्याचा चाप बंद आहे. आरशाला अडकवलेल्या स्थितीत तो बंदच होता, हे पंचनाम्यासोबतच्या फोटोत दिसते. हेल्मेट डोक्यातून काढणारी व्यक्ती चाप उघडते. उघडल्याशिवाय ते निघत नाही, निदान मापाचे असेल तर. महिला पोलीस शिपाई आशाबाई यांच्या डोक्याचे माप मी फितीने घेतले. ते साडेपंचावन्न भरले. त्यांनी हेल्मेट घालून पट्टा लावला. मी मागील कड धरून पुढे ओढली. हेल्मेट चाप बंद असतानाच माझ्या हातात आले. त्यानंतर आशाबाईंनी मी आणलेले तेच फडके ओले करून, तीन पदरी बांधून पुन्हा हेल्मेट घातले. मी तीन वेळा ओढले. ते हलले नाही. आशाबाई म्हणाल्या, "सर, आता हळू, मान दुखायली." मी त्यांची क्षमा मागितली.

यावरून जे सिद्ध होते ते मी श्री. दांडगे यांना सांगितले. मंजुळाने हेल्मेट घातले होते. पट्टा लावला होता. ते निघाले, कारण ते तिच्या डोक्यापेक्षा मोठे होते.

श्री. दांडगे यांनी संगणकावरून हात काढले व दार लोटून घेतले. ते म्हणाले, "सर, हेल्मेट होतं, पडताना निघालं, एवढंच लिहू ना? तेवढ्यावर तुमचं काम होतंय. मापाचं कशाला घालता? उद्या कुणी वाचलं तर म्हणंल, नवऱ्यानंच…" त्यांनी वाक्य पूर्ण केले नाही. त्यांचा हेतू चांगला होता, हे मी नमूद करतो. मापाचा उल्लेख गाळल्यास तिने पट्टा लावला नव्हता असे नवे अनुमान निघेल, आणि त्याचाही कोणीतरी फलक करील, असे मी त्यांना सांगितले. म्हणून पुढील मजकूर मी सांगितल्याप्रमाणे जसाच्या तसा घेण्यात यावा: हेल्मेटचे माप मी ठरवले. दुकानदाराने सावध केले असता मी ऐकले नाही. मंजुळाने माझ्यावर विश्वास ठेवला. यात तिची कोणतीही हयगय नाही.

शवविच्छेदनाच्या अहवालानुसार तिचे कोपर, गुडघे व तळहात यांना खरचटलेलेही नाही. जॅकेटबाबतचा माझा निर्णय बरोबर होता. हे लिहिण्याची आवश्यकता नाही, असे श्री. दांडगे म्हणाले. ते लिहावे.

माझी मागणी एवढीच आहे की पंचनाम्यातील दुसरे वाक्य चुकीचे असल्याची नोंद व्हावी व त्याची सही-शिक्क्याची प्रत मला शनिवारपूर्वी मिळावी, म्हणजे ती मी काकासाहेबांना नेऊन देईन. जुन्या फलकाच्या जागी दुसरा फलक नको. तसेच या जबाबात, पंचनाम्यातील उतारा सोडून, 'मयत महिला' असे जेथे जेथे टंकित झाले होते, तेथे माझ्या सांगण्यावरून तिचे नाव घालण्यात आले आहे.

हा जबाब श्री. दांडगे यांनी छापून मला मोठ्याने वाचून दाखवला. त्यानंतर मी तो स्वतः दोन वेळा वाचला. मी सांगितले तेच यात आहे, आणि जे सांगितले ते खरे आहे. सही केली. दुपारी १ वाजून ५ मिनिटे.

सहीनंतरची नोंद: प्रात्यक्षिकामुळे हेल्मेट आतून ओले झाले होते. ते वाळेपर्यंत खिडकीत ठेवावे, अशी मी विनंती केली. मुद्देमाल खिडकीत ठेवता येत नाही, असे सांगण्यात आले, व ते नियमाला धरून आहे. हेल्मेट ओलेच आत ठेवले. आशाबाईंनी खोलीचे दार बंद केले, कुलूप लावून ओढून पाहिले आणि किल्ली ठाणे अंमलदारांकडे परत दिली.