टाकीतलं विरजण

—नाही, बसा भावजी, उभ्या उभ्या नका बोलू. थोरले दीर तुम्ही, आणि आज पहिल्यांदाच माझ्याकडे पाय लागताहेत तुमचे. खुर्ची पुसलेली आहे. वास येतोय? येणारच. सांडपाण्याचा प्लांट आहे हा, अत्तराचं दुकान नव्हे. लावा, लावा रुमाल नाकाला, मला काही वाटायचं नाही — तुमचा भाऊ आजारी होता तेव्हा बघायला आलात, तेव्हाही लावलाच होतात की.

जरा मोठ्याने बोला, ब्लोअर चालू आहे. काय? कारखान्याचं सील? ते माझ्या हातात कुठंय. मी साधी ऑपरेटर — टाकीला हवा नीट मिळते का बघायची, जाळीत अडकलेला कचरा काढायचा, गाळ तपासायचा. सील वस्तीच्या कमिटीने ठोकलं. इंजिनिअरसाहेबांनी टाकीतलं पाणी बाटलीत भरून तपासायला पाठवलं, त्यात कापडाचा रंग निघाला. वस्तीत कापड रंगवणारे तुम्ही एकटे. मग संशय काय शेजारच्या न्हाव्यावर घ्यायचा?

थेंबसुद्धा सोडला नाही म्हणता. असेल. पण लोकांना पटावं कसं? इतकी वर्षं तुमच्या कारखान्याचं पाणी खाली आमच्या विहिरीत झिरपत होतं. रानातले मुळे उपटले तर मुळ्यांना निळी झाक. बाजारात कुणी हात लावेना. हे तुमच्याकडे आले होते, आठवतंय? तुम्ही जेवत होतात. ताटावरून मान वर न करता म्हणालात — पाणी आहे, उताराकडेच जाणार, तुला खाली घर बांधायला कुणी सांगितलं होतं. मला सगळं तुमच्या बायकोकडून कळलं. दुसरं पाणी नव्हतं, तेच प्यायलो. मला काही झालं नाही, माझी हाडं चिवट. यांच्या किडन्या गेल्या. तिरडी उचलली तेव्हा तुम्ही पुढे होतात, खांदा द्यायला — आणि मी रडले नाही. तुमच्यासमोर तर नाहीच नाही.

बरं, ते जाऊ दे. हा प्लांट सुरू करणं म्हणजे काय असतं, सांगते. बटण दाबलं आणि झालं, असं नसतं. जुन्या प्लांटमधून टँकरभर गाळ आणला — त्यात जिवाणू असतात, घाण खातात ते तेच. दुधाला विरजण लावतो ना, तसंच. आधी थोडंथोडं पाणी द्यायचं, हवा द्यायची, जपायचं. सुरुवातीला नुसता पांढरा फेस. मला वाटलं, नाही लागत हे. आणि मग एका सकाळी टाकीवर वाकले तर ओल्या मातीचा वास. पाणी घातलेल्या वाफ्याला येतो ना, तोच. काचेच्या नळ्यात भरलं, तर गाळ सावकाश तळाला बसला आणि वर हे असं नितळ पाणी. साहेब म्हणाले, बाई, लागलं बघा विरजण. मी जिन्यावरच बसले. म्हटलं, हे आधी झालं असतं तर.

आणि मग ते सगळं मेलं. टाकी काळीनिळी, सडक्या अंड्यांचा वास, सगळी वस्ती नाक मुठीत धरून इथे जमलेली. मरणारच. तुमचा रंग किती जहाल — आणि त्या मागच्या पिंपांची झाकणं तरी किती घट्ट ठोकता हो, उघडता उघडता माझे तळहात सोलवटून—

काही नाही. ब्लोअरचा आवाज, भलतंच ऐकू येतं. हाताकडे काय बघताय?

बघा मग. नीट बघून घ्या. निळं जात नाही, नखांत बसलंय.

हो, तुम्ही नव्हतं सोडलं. मला ठाऊक आहे. तुम्ही हल्ली वेगळी टाकी बांधलीत, रंगाचा मळ पिंपात भरून झाकून ठेवता, नाल्यात थेंब जाऊ देत नाही. सुधारलात. भाऊ गेल्यावर. मी ती टाकी पाहिली ना, तेव्हाच माझं डोकं फिरलं. एवढंसं तर काम होतं, भावजी. एक भिंत, चार पाइप. तुमचा भाऊ जिवंत असताना नसतं झालं?

आणि रडले मी. पिंप ओतलं, आणि तिथेच कठड्याला धरून रडले — यांच्यासाठी नाही, या टाकीसाठी. तिने काय बिघडवलं होतं माझं? माझ्या हातची जिवंत गोष्ट होती ती. तुमच्यापायी मी तीही मारली. तेही तुमच्याच नावावर मांडलंय मी.

जा, सांगा कमिटीला. सांगा की विधवा भावजयीने पिंप चोरून ओतलं. म्हणतील, बघा, सापडला तर बाईच्या अंगावर ढकलतोय. यांनी वर्षानुवर्षं खरं सांगितलं तेव्हा कुणी ऐकलं होतं? आता तुम्ही सांगत बसा.

नाही, हात नका जोडू. सील निघणार नाही. उठा आता. नवा गाळ घेऊन टँकर आलाय, तुमची गाडी फाटकात आडवी आहे. काढा ती.