बिस्किट बुडवायचं नाही

"अंकल, इथे चहा बशीत ओतून प्यायला चालतो?"

मैत्रिणींनी पैज लावली होती, म्हणून चैत्रालीने हॉटेलच्या दारातल्या माणसाला इंग्रजीत बिनधास्त विचारलं. आत इंग्रजी थाटाचा हाय टी, बाहेर ही लांब रांग.

"कॅन, कॅन लाह!" तो सिंगापुरी इंग्रजीत म्हणत हसला. बाबांसोबत रांगेत उभ्या असलेल्या आईने मात्र चैत्रालीला चिमटा काढला. तेवढ्यात रांगेत त्यांच्या पुढूनच वऱ्हाडी बोली ऐकू आली.

"ऐकलं का, प्रफुल्ल? चालते म्हणते तो."

"बाबा, ती लहान आहे. लंडनला माझ्या लग्नात, एमिलीच्या आईवडिलांसमोर, असं करायचं नाही."

"मी कायले बशी मागू तिथं?"

"मागत नाही तुम्ही, हात आपोआप जातो. म्हणून तर इथे आणलं. फुर्र आवाज नको. बिस्किट बुडवायचं नाही."

"मले वाटलं, सिंगापूर दाखवाले आणलं. हे तं परीक्षा निघाली."

"सराव म्हणा."

"अन् नापास झालो तं?"

"तर... लग्न व्हिडिओवरही छान दिसतं, बाबा."

"तुझी माय असती, तं तिलेही व्हिडिओच दाखवला असता?"

"हळू बोला. लोक बघताहेत."

"पाहू दे. आपली भाषा इथं कोणाले समजते?"

"चला, नंबर आला आपला."

"तू जाय. मी बसतो बाहेर."

प्रफुल्ल घड्याळाकडे बघत खरंच एकटा आत गेला. म्हातारा कठड्यावर टेकला.

"आई, बाबा," चैत्राली सगळ्या रांगेला ऐकू जाईल अशा मराठीत म्हणाली, "तुम्ही जा आत. मी या आजोबांजवळ बसणार आहे."