अंडरवर्ल्डची पॉपस्टार

नाशिकच्या स्टँडवर, इगतपुरीच्या गाडीच्या रांगेतच, होणाऱ्या सासऱ्यांनी मोहिनीला गाठलं. रांगेनं कान टवकारले. फुकटचा तमाशा कोण सोडतो? मोहिनीचं डोकं तापलं.

"आमचा मयुरेश म्हणतो, तू अंडरवर्ल्डमध्ये गातेस. भाईलोकांपुढं नाचणारी सून आम्हाला नको. साखरपुडा मोडला."

"मामा, अंडरवर्ल्ड म्हणजे यमलोक. गणपतीत आमच्या मंडळाचा जिवंत देखावा आहे. मी तिथली पॉपस्टार, नरकातल्या पापी लोकांची करमणूक करते."

"मग भाई कोण?"

"भाई म्हणजे यमराज. ते काम करणारा परवा तालमीतून पळाला, जागा अजून रिकामीच आहे. रेड्याला भ्याला."

"रेडा खरा हाय?"

"खरा. शिंगांना रंगसुद्धा दिलाय."

मामांनी मिशीला पीळ दिला.

"आणि साखरपुडा, मामा?"

"तो होईल गं. आधी सांग, तालीम कुठं असते?"