कोपरावरचा तांबडा

ईश्वरप्पा : ...आणि वर म्हणतेस, कुठलाही तांबडा चालतो. मालगाडी आहे ती. वरातीची बैलगाडी आहे काय, वाटेल तो रंग फासायला?

नीलम्मा : दुर्गा येवढीशी पोर. लेकीच्या टेंभुर्णीला रूळच न्हाईत. आज्जानं कुटला तांबडा लावला, तिला काय कळतंय?

ईश्वरप्पा : म्हणूनच गं. नातीनं खरी मालगाडी अजून पाहिलेली नाही. माझ्या हातची बघेल, तोच रंग डोळ्यांत बसायचा तिच्या. पुढं कधी फाटकापाशी खरी गाडी धडधडत गेली, तर पोरीला वाटलं पाहिजे, ही तर माझीच.

नीलम्मा : डबे मातुर लई देखणे झालेत. चहाच्या खोक्याचं लाकूड हाय, असं वाटत बी न्हाय.

ईश्वरप्पा : लाकडाचं सोड, रंग बघ. काल फिका वाटत होता, म्हणून थोडा निळा घातला. आता बरोबर गार्डाच्या डब्याचा रंग आलाय.

नीलम्मा : उजेडाला आणा की जरा.

ईश्वरप्पा : आणला. हं, बघ.

नीलम्मा : कशावरनं जुळवलात म्हणायचं ह्यो?

ईश्वरप्पा : सदऱ्यावरनं. ड्यूटीचा शेवटचा सदरा, डाव्या कोपरावर डाग आहे तो. गाडी सुटताना दारातनं बाहेर वाकायचं, हिरवी झेंडी दाखवायची, कोपर टेकायचं दाराच्या कडेला. टेकून टेकून डब्याचा रंग बाहीत उतरला. त्याच्याइतका खरा नमुना कारखान्यातसुद्धा मिळायचा नाही.

नीलम्मा : आन् त्यो सदरा कुटं हाय?

ईश्वरप्पा : हा काय, मांडीवर. झाकणावर थोडा रंग घेतो, डागाशेजारी धरतो, बघतो. दोन दिवस तेच चाललंय. हा डाग, हा रंग. आहे काही फरक?

नीलम्मा : आवो, जरा हात थांबवा. सोमवारी मी पेटी आवरली की नाई? त्यात सदरा घावला. म्हटलं, असला पांढरा कपडा, डाग कशाला ऱ्हावा. साबण लावला, दगडावर घासला, नीळ घातली.

ईश्वरप्पा : म्हणजे?

नीलम्मा : तितं डाग न्हाय आता. पांढरीफेक बाही हाय.

(ईश्वरप्पा बाही बोटांनी चाचपत राहतो.)

ईश्वरप्पा : आणि डब्याचा रंग?

नीलम्मा : वांग्यावानी झालाय. जांभळा.

ईश्वरप्पा : सगळे?

नीलम्मा : सगळे. वाळत ठेवले तवाच दिसलं हुतं. मला वाटलं, खालचा हात असंल, वरनं तांबडा चढवणार असाल.

ईश्वरप्पा : मला डाग दिसत होता, नीलम्मा. खरंच दिसत होता.

नीलम्मा : दिसणारच की. कितीक वर्सं बघितलाय.

ईश्वरप्पा : तपासणीला गेलो की डॉक्टर म्हणायचे, ईश्वरप्पा, तुमची नजर म्हणजे कंदील आहे. दुष्काळात परदेशी मिलो ज्वारीची गाडी आणली, तेव्हा धुळीत ड्रायव्हरला सिग्नल दिसेना. मला मागनं दिसला.

नीलम्मा : व्हय. आन् परवा साखर म्हणून चहात मीठ घातलंत.

ईश्वरप्पा : तू काही बोलली नाहीस.

नीलम्मा : निम्मा मी प्याले, निम्मा मोरीला पाजला. मोरी बी बोलली न्हाय.

ईश्वरप्पा : बरीच आहेस.

नीलम्मा : मोतीबिंदू हाय. तुमाला ठावं हाय, मला ठावं हाय. दवाखान्याचं नाव काढलं की तुमी रंग ढवळाय बसता.

ईश्वरप्पा : पट्टी बांधतात गं. मान हलवू देत नाहीत. आणि सोडल्यावर काहीच दिसलं नाही तर? पुढं सिग्नल हिरवा आहे का तांबडा, ते न कळता काळोखात नुसतं बसायचं?

नीलम्मा : मी बसले न्हाई व्हय? तुमी गाडीवर गेलात की परत कवा येणार, त्याचा सिग्नल मला कोण दाखवत हुतं? तुमी पडून ऱ्हा. मी उशाशी बसते, ओव्या म्हणते.

ईश्वरप्पा : कुठल्या?

नीलम्मा : धुण्याच्या.
गार्डाचा ग सदरा, धुते मी दगडावरी
तांबडं ग पानी, रूळ आला माझ्या दारी...

ईश्वरप्पा : ही कधी ऐकली नाही मी.

नीलम्मा : तवा तुमी गाडीवर असायचा की.

ईश्वरप्पा : ...उद्याचा टांगा सांगून ठेव. दवाखान्याचा.

नीलम्मा : सांगते.

ईश्वरप्पा : आणि डबे? पोर यायच्या आत व्हायला हवेत. तुला आठवतो तो रंग?

नीलम्मा : न आठवाय काय झालं? तुमी दारातनं बघितला, मी बादलीत बघितला. पाणी पडल्यावर वीट दिसती तसा, आन् वरनं काजळाचं बोट. द्या त्यो ब्रश. निळा लागतच न्हाय. तांबड्यात काळा, थेंबभर.

ईश्वरप्पा : आधी कशावर तरी लावून बघ.

नीलम्मा : बघते की. सदरा घाला अंगात.

ईश्वरप्पा : कशाला?

नीलम्मा : घाला म्हणते न्हवं. आता कोपर टेका खिडकीला. झेंडी दाखवताना टेकायचा तसं.

ईश्वरप्पा : अगं, तेलाचा रंग आहे. पुन्हा निघायचा नाही.

नीलम्मा : निघू नयेच. पट्टी सुटली की पयला ह्योच बघायचा. चुकला असंल तर डबे पुन्यांदा रंगवू.

ईश्वरप्पा : जागा तरी नीट बघून लाव.

नीलम्मा : बघायची कशाला? इतकी वर्सं घासलीया. डोळं मिटून घावंल मला.