हिरवं झाकण

न्हाई न्हाई — मशीनला हात नका लावू दादा, पैले पिन काढलेली हाय का बगा. बटन बंद हाय म्हणून भागत न्हाई. पिन भायेर लोंबताना डोळ्यानं बगायची, मंगच पात्याजवळ हात न्यायचा. हां, आता बगा कुठं बगायचं ते. अन् ती पिशवी उचला तितून — काय दगडं भरून आणलीत का चारठाण्याहून? — मशीनपुढं पायात काही ठिवायचं न्हाई, मानूस अडखळून पुढं गेला की पुढं काय हाय? पातंच हाय. ठिवा तिकडं भिंतीला. मालकाला काय इचारायचं? मालक आत हायेत, पर ते मशीनचं बोलत न्हाईत. मशीनचं काय, कशाचंच बोलत न्हाईत. पाटीवर नाव त्यांचं, तुमी वाचलंच आसंल, मी काय ते तोंडानं घेत न्हाई — पर दोन सालापासून मशीन मीच चालवायलेय. ह्या संक्रांतीला विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव लागलं, तवा त्यांच्या तसबिरीला लाइन लागली हितं ताडकळसात — तीनशे चौकटी एकटीनं कापल्या. तवा मशीन इकत घ्यायला आलो अन् बाई काय दाखवणार, आसं मनात आणू नका.

तर पैली गोष्ट, टेबलाला चार बोल्ट, पान्यानं घट्ट. हालती मशीन म्हंजे पिसाळलेलं जनावर. पातं बसवलं की हातानं एक फेरा देऊन बगायचं, डुलतंय का. मंग गुन्या लावायचा, काटकोन बगायला. ही खाच बगा, पंचेचाळीसची — कंपनीनं पाडलेली हाय म्हणून तिच्यावर इस्वास ठिवायचा न्हाई. रद्दी पट्टीचे चार तुकडे कापायचे अन् चौकट जुळवून बगायची. पैल्या कोपऱ्यात फट दिसत न्हाई, दुसऱ्यातबी न्हाई, तिसराबी गपगुमान बसतो — अन् चौथा जुळवायला गेलं की आ वासतो. केसाएवढी चूक, पर सारी जमा होऊन शेवटाला भायेर येती. घरातबी आसंच की — जाऊ द्या. मशीनचं बोलू.

लाकूड मागच्या पट्टीला टेकवून धरायचं, डावा हात पात्यापासून एक वीत लांब. वीत म्हंजे वीत, चार बोटं न्हाई. तुकडा लहान आसला तर हातानं धरायचाच न्हाई, शिकंजा लावायचा. पातं पूर्ण जोरात येऊ द्यायचं, आवाज एकसारखा झाला की हळूच खाली. कापलं की बटन बंद, अन् पातं थांबेपर्यंत तुकडा उचलायचा न्हाई. कितीबी घाई आसू द्या. मी तर बांगड्या काढून ठिवते, पदर खोचते. सासूबाई म्हणायच्या, सवाष्णीनं बांगड्या काढू न्हाई — म्हणलं आत्या, बांगड्या भरायला हात तर ऱ्हायला पायजे. अन् लाइट गेली की पैलं काम बटन बंद करायचं! न्हाई तर तुमी बसाल पात्याखालचं भुस्कट झाडत, अन् लाइट आली की मशीन आपोआप सुरू.

न्हाई, आमच्याकडं अपघात झाला, पर तसा न्हाई. तुमी इचारलं ना, पातं आसं उघडं काहून? बराबर इचारलं. झाकण होतं त्याला. ह्याच हिरव्या रंगाचं, आर्ध्या भाकरीवानी, पातं खाली आलं की वर सरकायचं, वर गेलं की परत झाकायचं. खंडेनवमीला मालकानं त्याच्यावर पांढऱ्या ऑइलपेंटनं भस्माचे तीन पट्टे वढले — म्हणले, रोजचं भस्म भुस्कटानं पुसून जातं, हे न्हाई जायचं. मी लय हसले होते. आता न्हाई ते. तुमी जाताच टिनाचं करून घ्या, झाकणाबिगर चालवू नका. मी चालवते, पर माझं बगू नका, माझ्यात काय बगण्यासारखं ऱ्हायलंय?

माझा भाऊ ईश्वरअप्पा — सख्खा, पाठचा, माझ्या कडेवर वाढलेला — त्यानंच ही मशीन हैदराबादहून जुनी आणली. मालक अन् तो, दोघं भागीत धंदा करायचे. लगीनसराई आली, रुंद पट्टीच्या फ्रेमी निघाल्या, अन् रुंद पट्टीला झाकण आडायचं. मालक म्हणतात, सकाळी येऊन बगितलं तर झाकण न्हाई, इचारलं तर ईश्वरअप्पा म्हणला, स्प्रिंग तुटली दाजी, दुरुस्तीला टाकलंय, दहा फ्रेमी तेवढ्या काढा, गिऱ्हाईक बसलंय. दहा फ्रेमी! सातव्या फ्रेमीला मालकांच्या डाव्या हाताची तीन बोटं गेली. अन् भाऊ काय म्हणतो? परभणीच्या दवाखान्यात, धा मानसांत, गळ्यातल्या लिंगावर हात ठिवून — 'शिवम्मा आक्का, दाजीनंच झाकण काढून भंगारात घातलं, मी नको नको म्हणत होतो.' लिंगावर हात ठिवून खोटं कोण बोलंल, सांगा तुमी? मालक एकदाच म्हणले, 'मी न्हाई काढलं.' शपथ न्हाई, आरडाओरड न्हाई. अन् घाईचा सोभाव तर त्यांचा होताच की. मंग मी कोणाचं धरू?

भावाचं धरलं. खाटेवरच्या मानसाला म्हणले, तुमच्या घाईनं माझं घर बुडवलं. सगळ्यांसमोर म्हणले. — हे काहून सांगायले मी तुमाला? — आमच्यात डाव्या तळहातावर लिंग घेऊन पूजा करायची आसती. आंगठा अन् एक बोट ऱ्हायलंय, पाणी घातलं की लिंग कडंनं घसरायला होतं. मी खालून हात धरायला गेले. म्हणले, 'ऱ्हाऊ द्या.' द्या! सोळा साल 'शिवे' म्हणायचा मानूस, बायकोला अहो-जाहो करायलाय, पाव्हणी आसल्यावानी. मशीन सुरू झाली की उठून मठात जाऊन बसतात. म्हणून म्हणलं इकून टाकावी, निदान आवाज तरी जाईल घरातला. खोटं मानूस आसंनात का, घर तर ऱ्हाईल —

काय म्हणलात? झाकण तुमच्यापाशी हाय? कसं आसंल, ते दुसऱ्या कुठल्या मशीनचं — उघडा पिशवी. ही पेटी कोणाची? नाव वाचता येतं मला, माझ्या भावाचं हाय. वालूरच्या बाजारात घेतली? कोण इकायलं — ईश्वरअप्पा? त्यानं सिमेंटचं दुकान टाकलं म्हणून सगळी हत्यारं एकगठ्ठा दिली तुमाला. अन् तळाला पोत्यात गुंडाळलेलं हे. न उघडताच दिली आसंल त्यानं, इसरला आसंल. द्या हिकडं. पुसू नका, मी पुसते.

एक. दोन.

तिसराबी हाय. त्यांच्याच हातचा, शेवटाला जरा वाकडा गेलेला.

बगा दादा, बगा — भस्माचे पट्टे भंगारात टाकायला भ्याला त्यो. दोन साल पोत्यात जपून ठिवले. अन् लिंगावर हात ठिवून बोलायला न्हाई भ्याला. माझ्या पाठचा भाऊ. अन् मी... मी त्याला दर राखीला खीर करून घातली ह्याच घरात, आत हे बसलेले आसताना.

न्हाई, मशीन इकायची न्हाई. चहाबी न्हाई, बसू नका. पेटी घ्या, पिशवी घ्या, हे झाकण ऱ्हाऊ द्या हितंच. जावा म्हणते ना! एसटी सापडंल अजून. दार लोटून घ्या.

अहो — आयकता का — जरा भायेर या.

तुमी न्हाई काढलं.