माझे एकतीस पिवळे फोल्डर

...नाही, पण पिवळे का केले, असं मलाच विचारतात! अहो, मी केले नाहीत, ते होतेच पिवळे! कचेरीत पहिला कॉम्प्युटर आला, त्याच्यावरची प्लास्टिकची पिशवीसुद्धा आम्ही दोन वर्षं काढली नव्हती, तेव्हापासून फोल्डर म्हटला की पिवळा. फोल्डरला पक्ष असतो हे मला छप्पन्नाव्या वर्षी कळलं... आणि कळलं कधी, तर बदलीच्या यादीत माझं नाव आल्यावर!

तुम्हाला सांगतो, सुरुवातीपासून सांगतो, नाहीतर तुम्हीही म्हणाल, या वागिमानचंच काहीतरी असणार. मी तालुका कचेरीत दाखले करतो. माणूस जन्मतो, मरतो, आणि मध्ये एकदा पत्ता बदलतो, या तिन्ही वेळा त्याचं काम माझ्याकडे. कचेरीच्या फाटकाशी माझ्या बायकोची, सुमियातीची, पेचेलची गाडी आहे. उकडलेल्या भाज्या, त्यावर शेंगदाण्याची तिखट चटणी, केळीच्या पानात. एकोणीस वर्षं झाली, निम्मी कचेरी तिथेच जेवते. सकाळी आम्ही दोघं एका स्कूटरवर येतो, दुपारी मी तिच्या बाकड्यावर बसून जेवतो, संध्याकाळी दोघं एका स्कूटरवर परत. निवृत्तीला उरलं एक वर्ष आणि आठ महिने. एवढे दिवस असेच जावेत, याच्यापलीकडे मी कुणाकडे काही मागितलं होतं का? बढती? मोठं टेबल? खिडकीजवळची जागा? काही नाही हो.

आणि एका सोमवारी, झेंड्यासमोरची रांग सुटली, आत येऊन कॉम्प्युटर लावतो तर काय, सगळा पडदा परका! आदल्या शनिवारी जिल्ह्याच्या कॉम्प्युटर विभागातल्या बू निनिंग, म्हणजे निनिंगबाई, येऊन सगळ्या यंत्रांत नवी व्यवस्था भरून गेल्या होत्या. आता शनिवारीच का? कचेरीला कुलूप असताना का? मी संशय घेत नाही, मी फक्त विचारतो. बाई भल्या आहेत, शांत आहेत, पण इतकी शांत बाई शनिवारी का येते?

बरं, चित्रं बघा. कचऱ्याची टोपली आधी कशी, बंद, अब्रूदार. आता पारदर्शक! आत काय टाकलंय ते बाहेरून दिसतं. कुणाला दाखवायचंय? शोधायचं भिंग आधी कोपऱ्यात गुपचूप असायचं, ते आणून ठेवलं मधोमध, माझ्या नाकासमोर... मी काय हरवलंय म्हणून? आणि कागद जपून ठेवायचं चित्र! आधी एक चौकोनी डबी होती. कशाची ते मला कधी कळलं नाही, पण डबी म्हणजे कसं, आत ठेवलं, राहिलं. आता तिथे बाण, आणि बाणाचं टोक खाली. खाली कुठे? आमची कचेरी वरच्या मजल्यावर, खाली बांधकाम खातं! मी चार दिवस एकही दाखला जपला नाही. म्हटलं, लोकांचे जन्म उगाच बांधकाम खात्यात जायला नकोत.

शेजारच्या टेबलावर बू तितिक, त्या म्हणाल्या, अय्या, ते दातेरी चाक बघा, आता मोगऱ्यासारखं दिसतंय. आणि तीन आठवडे त्या मोगऱ्याला त्यांनी बोट लावलं नाही! म्हणजे संशय काय मला एकट्यालाच येतो? फक्त मी बोलतो, लोक मोगरा म्हणतात.

आणि फोल्डर... फोल्डर झाले हिरवे.

आता हिरवं म्हणजे काय ते तुम्हाला ठाऊक आहेच. जिल्ह्याचा कारभार बघायला नवे बुपाती निवडून आले त्याला पाच महिने झाले. आधीचे बुपाती पिवळे, मतपत्रिकेवर एक नंबरवाले. हे हिरवे, तीन नंबरवाले. निकाल लागला, आणि पंधरा दिवसांत पुलाचे कठडे हिरवे, शाळांची फाटकं हिरवी, दवाखान्यातली बाकडी हिरवी, आमच्या कचेरीसमोरच्या कुंड्या हिरव्या, आणि कुंड्यांत झाडं आधीच हिरवी, त्यामुळे कुंडी कुठे संपते ते दिसेना! माळी दोनदा अडखळून पडला. तर सोमवारी फोल्डर हिरवे झालेले पाहून कचेरीत कुणाला काही वाटलं नाही. उलट आमचे मोठे साहेब, पाक प्रिहातिन, म्हणजे प्रिहातिनराव, पडद्यापुढे हात बांधून उभे राहिले आणि म्हणाले, पाहिलंत, बुपाती साहेबांची पोच कुठवर आहे ती! सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली, पण मनात म्हटलं, अहो, परदेशातली एवढी मोठी कंपनी, तिला आमचे बुपाती कोण ते काय माहीत? आणि माहीत नसेल, तर नेमका हिरवाच कसा? मी संशय घेत नाही, मी फक्त विचारतो...

पण माझी अडचण वेगळीच होती. मला काही सापडेना! हात जातो पिवळ्याकडे, पिवळं कुठे नाहीच. एक बाप तान्ह्याच्या जन्माचा दाखला घ्यायला आला, त्याला मी मयताचा काढून दिला. सही-शिक्क्यानिशी! तो बिचारा वाचतो, बाळाकडे बघतो, परत वाचतो. त्या दिवशी मी बू निनिंगना फोन केला. म्हटलं, बाई, याचा आधीचा रंग आणता येतो का? त्या म्हणाल्या, उजवं बटण दाबा, रंग निवडा, झालं. इतकं सोपं! मी एकतीस फोल्डर, एकतीस वेळा उजवं बटण, सगळे पिवळे करून टाकले. डोळ्यांना काय बरं वाटलं म्हणून सांगू. फोन ठेवता ठेवता बाई म्हणाल्या, तुम्ही एकटे नाही हो पाक वागिमान, जगभरातून लोक कंपनीकडे ओरडताहेत, पिवळे परत द्या म्हणून. मला घाम फुटला. म्हटलं, जुन्या बुपातींची माणसं जगभर आहेत?

आणि मग आला तो शुक्रवार. शुक्रवारी सकाळी कचेरीची कवायत असते, ती झाल्यावर बू तितिकच्या वाढदिवसाचा भात आला. आता वाढदिवसाचा भात म्हणजे कसा, सुळक्यासारखा रचलेला, आणि पिवळाधमक. तो पांढरा करून कुणी आणत नाही, हिरवा तर नाहीच नाही. ठेवला कुठे? माझ्या टेबलावर, कारण माझं टेबल रिकामं, कारण मी काम वेळेत उरकतो. चांगुलपणाची ही फळं! मग फोटो. आमच्याकडे फोटोशिवाय काही होत नाही, सतरंजी झटकली तरी फोटो काढून जिल्ह्याच्या ग्रुपवर जातो. तर पुढे पिवळा भात, मागे पडद्यावर माझे एकतीस पिवळे फोल्डर, मध्ये मी... आणि माझा अंगठा वर!

आता तुम्ही म्हणाल, अंगठ्याचं काय? अहो, अंगठा म्हणजे एक! निवडणुकीच्या चार महिन्यांत आम्हा सरकारी नोकरांना फोटोत बोट दाखवायची बंदी होती. एक बोट एकाचं, दोन बोटं दुसऱ्याचं, तीन तिसऱ्याचं. आम्ही सगळे मुठी आवळून उभे राहायचो. माझ्या पुतणीच्या लग्नात मी नवरानवरीशेजारी मूठ आवळून उभा आहे, फोटो बघणारे विचारतात, या काकांचा लग्नाला विरोध होता का? तर चार महिने आवळलेली मूठ, म्हटलं, आता निवडणूक संपली, जरा सैल सोडावी. सोडली, तर वर काय आलं? अंगठा!

मंगळवारी बू तितिक गाडीवर आल्या, पेचेल घेतलं, आणि इकडेतिकडे बघत मला म्हणाल्या, त्यांचे मेहुणे जिल्ह्याला बदल्यांच्या खात्यात आहेत, यादीत माझं नाव आहे. कुठे? वातुआडेम. डोंगरावर, मिनीबसने अडीच तास, एकच बस सकाळी वर जाते आणि तीच बस दुपारी खाली येते. गारठा असा की दहा वाजेपर्यंत शिक्का धरायला बोटं उघडत नाहीत. आणि मला सांगा, फोटो कुणाच्या वाढदिवसाचा? बू तितिकच्या. फोटो ग्रुपवर टाकला कुणी? बू तितिकनी. बातमी आणली कुणी? मी संशय घेत नाही हो! मी फक्त विचारतो.

सुमियाती चटणी वाटत होती, तिने सगळं ऐकलं. बू तितिक गेल्यावर ती म्हणाली, "मी काही गाडी उचलून डोंगरावर येत नाही. तिथे माणसं कमी, आणि जी आहेत ती आपापल्या घरी जेवतात." बरोबरच होतं तिचं. म्हणजे ती खाली, मी वर. एकोणीस वर्षं दुपारी तिच्या बाकड्यावर जेवलो, आता एक वर्ष आठ महिने डब्यातला गार भात कुणाचं तोंड बघत खाऊ? मला वाईट वाटलं, उघड सांगतो, फार वाईट वाटलं.

गेलो साहेबांकडे. म्हटलं, साहेब, मला पिवळं पटकन सापडतं म्हणून पिवळं केलं, दुसरं काही नाही. साहेबांनी दार लावलं, खिडकी लावली, पंखा मोठा केला आणि म्हणाले, "पाक वागिमान, तुमच्या मनात काय आहे ते मला दिसत नाही. पडद्यावर काय आहे ते जिल्ह्याला दिसतं."

मी म्हटलं, साहेब, आपला सोमवारचा गणवेशसुद्धा पिवळटच आहे की.

साहेब आपल्या बाहीकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "ते बोलू नका. पुढच्या सोमवारी जिल्ह्याहून तपासणी आहे, तेवढं बघा."

मी ते बघितलं! शुक्रवारी कचेरी सुटायच्या आत एकतीस फोल्डर, एकतीस वेळा उजवं बटण, सगळे हिरवे. नुसते हिरवे नाहीत, त्यातल्या त्यात गडद! शनिवार-रविवार देवाचं नाव घेत काढला.

सोमवार. झेंडा झाला, वर आलो, आणि कचेरीत आरडाओरडा. काय झालं? कंपनीने लोकांचं ऐकलं होतं! जगभरच्या तक्रारींपुढे मान तुकवून तिने रविवारी फोल्डर परत पिवळे करून टाकले होते. आपोआप! सगळ्या कचेरीत, प्रत्येक पडद्यावर, साहेबांच्यासुद्धा, पिवळेच पिवळे. फक्त माझे हिरवे, कारण मी ते हाताने केले होते, आणि बू निनिंग म्हणतात, हाताने केलेल्याला कंपनी हात लावत नाही. आणि खाली जिल्ह्याची गाडी येऊन उभी!

काय धावपळ झाली म्हणून सांगू. साहेब म्हणाले, वीज गेली म्हणा! पण पंखे फिरताहेत. पंखे बंद केले, तर दिवे लागलेले. बू तितिकनी पडद्यापुढे फुलदाणी ठेवली, आणि फुलं कुठली, झेंडूची! पिवळी! आणि सगळे जण माझ्याकडे बघताहेत. साहेब कुजबुजले, पाक वागिमान, तुम्हाला आधी कसं कळलं? एरवी मी लोकांवर डोळा ठेवतो, त्या दिवशी अख्खी कचेरी माझ्यावर ठेवून होती.

तपासणीला आलेले पाक सुराजी म्हणजे बारीक मिशीचे, कमी बोलणारे गृहस्थ. एकेका पडद्यापुढे थांबायचे, वहीत काही लिहायचे, पुढे जायचे. माझ्यापुढे आले आणि थांबलेच. एकतीस हिरवे फोल्डर. वाकून बघितलं, माझ्या गळ्यातल्या ओळखपत्रावरचं नाव वाचलं, आणि माझा हात हातात घेऊन साहेबांना म्हणाले, "म्हणजे या कचेरीत एक तरी माणूस आहे म्हणायचा." फोटो काढला. मी मूठ आवळली होती, दोन्ही हातांची.

त्या दुपारी सुमियातीने मला दुप्पट चटणी वाढली आणि सरकारी टोपी घातलेल्या तिघा गिऱ्हाइकांना थांबवून ठेवलं. मी पोटभर जेवलो. म्हटलं, वाचलो.

बुधवारी हुकूम आला. बदली, वातुआडेम.

अहो, मी तो कागद उलटा करून बघितला, की मागे काही वेगळं लिहिलंय का! धावत साहेबांकडे गेलो, तर साहेब उभे राहून माझं अभिनंदन करताहेत. म्हणाले, आधीच्या यादीतून तुमचं नाव काढलं होतं, ही नवी यादी आहे, ही मानाची. वातुआडेममध्ये सगळी मतं पिवळ्यांना पडली होती, तिथल्या कचेरीत बुपाती साहेबांना एक खात्रीचा माणूस हवा होता, आणि पाक सुराजींनी स्वतः तुमचं नाव सुचवलं. म्हणजे पिवळा होतो तेव्हा शिक्षा म्हणून पाठवत होते, हिरवा झालो तर बक्षीस म्हणून पाठवताहेत. गाव तेच, बस तीच, गारठाही तोच. मग मला एक सांगा, फोल्डर नसतेच, नुसते कागदच असते, तरी मी वरच गेलो असतो का? मी संशय घेत नाही, मी फक्त...

जाऊ द्या. आता विचारतही नाही.

काल बायको बॅग भरत होती. माझ्या सदऱ्यांच्या घड्या घालत होती. मग म्हणाली, "अहो, वर थंडी फार. बाजारातून स्वेटर आणते तुम्हाला. कुठल्या रंगाचा आणू?"

मी म्हटलं, "मिळेल तो आण. पण किमतीची चिठ्ठी काढू नकोस, पुढच्या निवडणुकीत बदलून घ्यावा लागेल."